हे कशावरून?

वाचकांचे प्रश्न, संपादिकेची उत्तरं

आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी असलेल्या माहितीपर पुस्तकांविषयी पत्रं पाठवा, असं मागच्या अंकात लिहिलं होतं. पत्रं भरपूर आली. बरेच प्रश्न एकसारखे होते, म्हणून पाच निवडली आहेत. मी आधी ग्रंथालयाच्या बालविभागात होते आणि नंतर बावीस वर्षं मुलांची माहितीपर पुस्तकं संपादित केली. जे सांगते आहे ते त्या दोन ठिकाणी पाहिलेलं आहे.

माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. गोष्टीचं पुस्तक हातात घेत नाही. ज्वालामुखी, पाणबुड्या, हाडं, यंत्रं, एवढंच वाचतो. तेही मधूनच कुठून तरी. घरचे म्हणतात, हे काही खरं वाचन नव्हे. त्याला गोष्टींकडे कसं वळवू? (एक आई)

वळवू नका. तो वाचतोय.

बालविभागात असताना एक मुलगा पाणबुड्यांचं एकच पुस्तक पुन्हा पुन्हा घेऊन जायचा. परत करायला आला की तिथेच उभा राहून पुन्हा नावावर टाकायचा. माझ्या सहकारी बाईंनी एकदा त्याला ‘आता दुसरं काही घे’ म्हटलं, तर तो म्हणाला, ‘अजून मला ती पाण्यात खाली कशी जाते ते नीट कळलं नाही.’ त्यानंतर आम्ही कुणालाच तसं म्हणालो नाही.

मधूनच वाचतो ही तक्रारही सोडून द्या. ही पुस्तकं तशी वाचायलाच केलेली असतात. पुढे अनुक्रमणिका, मागे सूची, मध्ये चौकटी. फक्त मागची सूची कशी वापरायची ते त्याला एकदा शेजारी बसून दाखवा. ‘लाव्हा’ हा शब्द कुठकुठल्या पानांवर आलाय ते शोधून ती तीन पानं जोडून वाचणं, हे मोठी माणसं संदर्भग्रंथ वाचतात तसंच वाचन आहे.

तुमच्या घरच्यांना मायकेल फॅरडेबद्दल सांगा. त्याचा जन्म १७९१ चा, घर गरीब, शाळा जेमतेम. चौदाव्या वर्षी तो पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे उमेदवारीला लागला आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचू लागला. त्यात एक पुस्तक रसायनशास्त्राचं होतं, जेन मार्सेट या बाईंनी लिहिलेलं. एक शिक्षिका आणि दोन मुली यांच्यातल्या संवादाच्या रूपात. सुरुवातीच्या आवृत्त्यांवर बाईंचं नावसुद्धा नव्हतं. फॅरडेने ते वाचलं आणि हाताशी असलेल्या किरकोळ साहित्यातून त्यातले जमतील ते प्रयोग स्वतः करून पाहिले. पुस्तकात लिहिलंय ते खरं निघतंय की नाही हे तपासलं, आणि मगच त्या पुस्तकावर विश्वास टाकला. १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तन, म्हणजे चुंबक हलवून वीज निर्माण करता येते हे, शोधणारा माणूस तो हाच. उतारवयातही तो मार्सेटबाईंचे उपकार मानत असे.

तुमच्या मुलाच्या बाबतीत मी लक्ष ठेवीन ते एवढ्यावरच: तो पुस्तकाला उलटून विचारतो का, ‘हे कशावरून?’ ‘सगळ्यात मोठं, सगळ्यात वेगवान, सगळ्यात जुनं’ अशा एका ओळीच्या माहितीची पुस्तकं मुलांना फार आवडतात. आवडू द्यावीत. पण त्यांत हा प्रश्न विचारायला जागाच नसते. चीनची भिंत अवकाशातून नुसत्या डोळ्यांनी दिसते, हे वाक्य कितीतरी वर्षं अशा पुस्तकांत छापलं जात होतं. २००३ मध्ये चीनचाच अंतराळवीर यांग लिवेई पृथ्वीभोवती फिरून आला आणि त्याने सांगितलं, मला नाही दिसली. भिंत लांबलचक असली तरी रुंदीला काही मीटरच आहे, हा विचार एखाद्या मुलानेही केला असता. पण त्या वाक्यासमोर थांबायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

म्हणून तुमच्या मुलाबरोबर एक काम करा. तुम्ही शेजारी असताना मेणबत्ती लावा आणि विझवा. वातीतून पांढरा धूर वर जाईल. पेटती काडी वातीला न लावता त्या धुराला वरच्या बाजूने लावा. ज्योत धुरातून खाली उडी मारून वातीवर येते. कारण तो धूर म्हणजे मेणाचीच वाफ. जळते ती वाफ, वात नव्हे. फॅरडे मोठा झाल्यावर मुलांना मेणबत्तीवर व्याख्यानं द्यायचा, त्यात हे दाखवायचा. आता मुलाच्या पुस्तकात मेणबत्तीचं पान उघडा आणि तिथे काय लिहिलंय ते दोघं मिळून ताडून पाहा.

मी शिक्षक आहे. वर्गाच्या वाचनपेटीसाठी इतिहासाची पुस्तकं निवडायची आहेत. काही पुस्तकं नुसत्या सनावळ्यांनी भरलेली आहेत. काही कादंबरीसारखी, त्यांत राजेराण्या एकमेकांशी बोलतात. मुलं ती आवडीने वाचतात. कोणती घेऊ? (एक शिक्षक)

सर, दुसऱ्या प्रकारची पुस्तकं मुलं आवडीने वाचतात यात नवल नाही, आणि ती पेटीत असायलाही हरकत नाही. पण ती गोष्टींच्या कप्प्यात ठेवा. माहितीपर पुस्तकात अवतरणचिन्हं आली, की ते शब्द कुणीतरी कुठेतरी लिहून ठेवलेले असले पाहिजेत. राणी रात्री एकटी बसून काय पुटपुटली हे लेखकाला कसं कळलं? या एका प्रश्नावर मी संपादक म्हणून अनेक लेखकांशी वाद घातलेत. काही रागावले. एका लेखिकेने मात्र पानभर काल्पनिक संवाद काढून तिथे एका खऱ्या पत्रातल्या चार ओळी घातल्या आणि मला म्हणाल्या, ‘यात जास्त जीव आहे.’ खरंच होता.

निवडताना पुस्तक कुठेही उघडा आणि बघा: ही गोष्ट कळली कशी, ते पान सांगतं का? साधनं दिसतात का? नाणं, शिलालेख, पत्र, पडकं घर, खापर, काहीही.

ब्राह्मी लिपीचंच घ्या. एक पुस्तक म्हणतं, ‘१८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपी वाचली.’ झालं, सन पाठ. दुसरं पुस्तक मुलाला सांचीच्या स्तूपाच्या कठड्यापाशी नेतं. दगडांवर छोटे छोटे लेख आहेत, सगळे वेगवेगळे. पण बहुतेकांच्या शेवटी तीच दोन अक्षरं. का बरं? प्रिन्सेप कलकत्त्याच्या टांकसाळीत काम करणारा माणूस. देवळाला काही दिलं की देणाऱ्याचं नाव कोरतात हे त्याला ठाऊक होतं. मग शेवटचा शब्द ‘दानं’ तर नसेल? तसं धरून ‘द’ आणि ‘न’ मिळाले. त्याच्या आधीच्या शब्दाच्या टोकाला पुन्हा पुन्हा येणारं अक्षर म्हणजे षष्ठीचा प्रत्यय ‘स’, अमक्याचं दान. तिथून कुलूप उघडत गेलं आणि अशोकाचे शिलालेख शेकडो वर्षांनी पुन्हा बोलू लागले. हे पान दहा वर्षांच्या मुलाला दाखवलं तर तो कागदावर स्वतःची गुप्त लिपी तयार करायला बसतो. मी हे होताना पाहिलं आहे.

दुसरी गोष्ट मी बघते ती ही, की पुस्तकात राजांखेरीज कुणी आहे का. ब्रिटिश म्युझियममध्ये चुनखडीची एक कपची आहे, सव्वातीन हजार वर्षांपूर्वीची, इजिप्तमधली. राजांची थडगी खोदणाऱ्या कामगारांच्या वस्तीतला हा चक्क हजेरीपट आहे. सुमारे ४० जणांची नावं, कोण कोणत्या दिवशी आला नाही, आणि का. आजारी. डोळ्यांचा त्रास. विंचू चावला. आईचं प्रेत गुंडाळायचं होतं. तुमच्या वर्गात तुम्ही रोज हजेरी घेता. त्या मुलांसमोर हा एक दगड ठेवा. फारोंच्या वंशावळीने जे होत नाही ते त्याने होईल.

आणि सनावळ्यांना वाईट ठरवू नका. सन हा खुंटीसारखा असतो, त्याला काही टांगलेलं असलं की उपयोगी पडतो. शिवाय सन कुठून आला हीसुद्धा गोष्टच असते. इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक होऊन पॉम्पेई शहर गाडलं गेलं ते इ. स. ७९ मध्ये. महिना पुस्तकांत ऑगस्ट असायचा, कारण तो उद्रेक पाहिलेल्या धाकट्या प्लिनी या रोमन लेखकाच्या पत्राच्या हस्तलिखित प्रतींमध्ये तसं होतं. २०१८ मध्ये उत्खननात एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली ओळ सापडली, तारीख ऑक्टोबरच्या मध्यावरची. कोळशाचं लिखाण फार काळ टिकत नाही, तेव्हा ते उद्रेकाच्या थोडंच आधीचं असणार. म्हणजे उद्रेक ऑक्टोबरमध्ये झाला असावा, असं आता बरेच अभ्यासक मानतात. ज्या पुस्तकात ‘असावा’, ‘बहुधा’, ‘यावर मतभेद आहेत’ असे शब्द योग्य जागी आलेत, ते पुस्तक बेलाशक पेटीत घाला. लहान मुलांना अनिश्चित काही सांगू नये असं आपल्याला वाटतं. माझा अनुभव अगदी उलट आहे. ‘अजून नक्की कळलेलं नाही’ या वाक्यापाशी मुलं सरसावून बसतात.

नऊ वर्षांची मुलगी चित्रंच बघते, मजकूर वाचत नाही. (एक बाबा)

चित्राखालची ओळ वाचते का ते बघा. बहुतेक मुलं वाचतात, आणि चांगल्या पुस्तकात त्या ओळीत पुष्कळ काही असतं. छेदचित्रं असलेली पुस्तकं आणा: जहाज, किल्ला किंवा झाडाचं खोड उभं कापल्यासारखं दाखवलेली. त्यांतली छोटी अक्षरं वाचल्याशिवाय चित्र पुरं बघून होत नाही. देवमाशाशेजारी माणूस काढलाय का, म्हणजे आकार कळेल. हा फोटो आहे की कल्पनाचित्र, हे लिहिलंय का. एवढं तुम्ही तपासा. बाकी तिला बघू द्या.

मुलगा बारा वर्षांचा आहे. पुढे काय व्हायचं हे त्याला अजून सांगता येत नाही. करिअरविषयीचं असं पुस्तक सुचवा, की ते वाचून त्याचा निर्णय होईल. (एक वडील)

असं पुस्तक मी सुचवणार नाही, आणि तुम्हीही शोधू नये अशी माझी मनापासून विनंती आहे. बाराव्या वर्षी निर्णय व्हायला नको, ओळखी व्हायला हव्यात. बालविभागात मी मुलांना विचारायचे, तुम्हाला किती प्रकारची कामं माहीत आहेत? पंधरा-वीसवर गाडी अडायची, आणि त्यांतली निम्मी टीव्हीवर दिसलेली. ज्याला वीसच कामं माहीत आहेत त्याने त्यांतलं एक निवडलं, तर ती निवड कसली?

करिअरच्या पुस्तकांत दोन जाती असतात. एका जातीत प्रत्येक पानावर एक पेशा, हसऱ्या माणसाचं चित्र, लागणाऱ्या परीक्षा आणि मिळणारा पगार. परीक्षा आणि पगार दोन्ही बदलतात. मूल मोठं होईपर्यंत ती पानं रद्दी होतात. दुसऱ्या जातीचं पुस्तक एका माणसाचा एक दिवस दाखवतं. भूकंपाचा अभ्यास करणारी बाई सकाळी आल्यावर आधी काय उघडते? दिवसातला किती वेळ कंटाळवाणा असतो? चूक झाली की कुणाला सांगावं लागतं? हात कशाने मळतात? असं पुस्तक मिळालं तर, ते कुठल्याही पेशाचं असो, घ्या.

आणि करिअरच्या कप्प्याबाहेर शोधा. तुमच्या मुलाला अवकाशाची आवड आहे असं समजू. चंद्रावर माणूस गेला त्याचं पुस्तक त्याला द्या, पण असं, की ज्यात चालणाऱ्या दोघांच्या मागची माणसं आहेत. जॉन ग्लेन १९६२ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेला निघण्याआधी म्हणाला, संगणकाची आकडेमोड नासातल्या गणिती कॅथरिन जॉन्सनकडून हाताने तपासून घ्या, मग मी जातो. मार्गारेट हॅमिल्टनच्या हाताखालच्या गटाने अपोलो या चांद्रमोहिमेच्या यानातल्या संगणकासाठी आज्ञावली लिहिली. आणि चांद्रवीरांचे पोशाख शिवले ते शिलाई मशीनवर बसणाऱ्या बायकांनी, ज्या कंपनीचा मूळ धंदा बायकांची अंतर्वस्त्रं शिवण्याचा होता तिथल्या. एकावर एक वीसेक थर, आणि शिवणीवर माणसाचा जीव. हे वाचल्यावर ‘अंतराळवीर’ या एका शब्दाच्या जागी मुलाच्या डोक्यात गणिती, प्रोग्रामर, शिवणकारीण, कापडाचा अभ्यासक असे कितीतरी शब्द येतात.

घरात असलेलं कुठलंही पुस्तक उलटं करून श्रेयनामावलीचं पान त्याला वाचायला लावा. चित्रकार, नकाशाकार, अनुवादक, मुद्रितशोधक, सूचीकार. मी सूचीकार व्हावं असं मला लहानपणी कुणी सुचवलं असतं तर मी आनंदाने झाले असते. असं काम असतं हेच मला तिशीत कळलं.

शेवटचं, तुमच्यासाठी. पुस्तक वाचून झालं की त्याला ‘मग तुला हे व्हायचंय का?’ असं विचारू नका. ‘यातलं कुठलं काम तुला अजिबात करवणार नाही?’ असं विचारा. उत्तर लांब येईल.

मी अकरा वर्षांची आहे. माझ्याकडे डायनोसॉरची दोन पुस्तकं आहेत. एक मामाचं लहानपणचं, एक नवीन. जुन्या पुस्तकात डायनोसॉरला खवले आहेत, नव्यात काहींना पिसं आहेत. खरं कोणतं? आणि खोटं पुस्तक टाकून देऊ का? (एक वाचक मुलगी)

तुझं पत्र मी सगळ्यांत शेवटी ठेवलं, कारण त्याचं उत्तर लिहायला मला सगळ्यांत जास्त आवडणार होतं.

आधी दोन्ही पुस्तकांची सुरुवातीची पानं उघड. बारीक अक्षरात ‘पहिली आवृत्ती’ असं लिहून पुढे साल असेल. ते साल आधी बघायचं, ही सवय आत्ताच लाव. मामाचं पुस्तक १९९६ च्या आधीचं असेल, तर त्याच्या लेखकाने खोटं लिहिलेलं नाही. त्या वर्षी चीनमध्ये सायनोसॉरोप्टेरिक्स नावाच्या छोट्या डायनोसॉरचा जीवाश्म जगासमोर आला, त्याच्या अंगाभोवती पिसांच्या सुरुवातीसारखे मऊ तंतू उमटले होते. नंतर तसे आणखी पुष्कळ सापडले. २०१० मध्ये तर त्या तंतूंमधले रंगाचे सूक्ष्म कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहून शास्त्रज्ञांनी सांगितलं, की याच्या शेपटीवर तांबूस आणि फिकट पट्टे होते. सगळ्याच डायनोसॉरना पिसं नव्हती. खवल्यांच्या कातडीचे ठसेही सापडले आहेत. म्हणून नव्या पुस्तकात ‘काहींना’ असं लिहिलंय. तो शब्द महत्त्वाचा आहे.

जुनं पुस्तक टाकू नकोस. मी अशी चूक एकदा केली आहे, वेगळ्या प्रकारे. २००६ मध्ये आमचं सूर्यमालेवरचं पुस्तक नुकतंच छापून आलं होतं, नऊ ग्रहांचं. त्याच वर्षी २४ ऑगस्टला प्राग शहरात जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांच्या संघटनेने ठरवलं, की प्लूटो आता बटुग्रह. आम्ही घाईघाईने प्रत्येक प्रतीत एक चिठ्ठी चिकटवली: ‘नऊ ग्रह याऐवजी आठ ग्रह असे वाचावे.’ काही दिवसांनी एका मुलीचं पोस्टकार्ड आलं. तिने विचारलं होतं, ‘प्लूटोने काय केलं?’

मला फार वाईट वाटलं. आम्ही तिला उत्तर बदलून दिलं होतं, कारण दिलं नव्हतं. कारण खरं तर किती छान होतं! २००५ मध्ये प्लूटोच्याही पलीकडे एरिस सापडला, जवळजवळ प्लूटोएवढाच. मग दोघांनाही ग्रह म्हणायचं की दोघांनाही नाही? तोवर ‘ग्रह’ म्हणजे नेमकं काय हे कुणी पक्कं लिहूनच ठेवलं नव्हतं. तेव्हा ठरलं: तो सूर्याभोवती फिरायला हवा, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने गोल झालेला हवा, आणि आपल्या कक्षेचा परिसर त्याने मोकळा केलेला हवा. प्लूटो तिसऱ्या अटीत अडला. मी त्या मुलीला हे सगळं लिहून पाठवलं. हेही लिहिलं, की १९३० मध्ये प्लूटो सापडला तेव्हा त्याला हे नाव एका अकरा वर्षांच्या मुलीने सुचवलं होतं. तुझ्याच वयाच्या. पुढच्या आवृत्तीत आम्ही चिठ्ठीऐवजी पूर्ण पान घातलं.

तर तू एक वही कर. डावीकडच्या पानावर मामाचं पुस्तक काय म्हणतं, उजवीकडे नवं काय म्हणतं, आणि खाली ‘मध्ये काय सापडलं?’ सुरुवात इग्वानोडॉनपासून कर. गिडियन मॅन्टेल नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८२५ मध्ये त्याला हे नाव दिलं, कारण दात इग्वाना सरड्याच्या दातांसारखे होते. सोबत एक टोकदार हाड मिळालं होतं, ते त्याने नाकावरचं शिंग समजून नाकावर बसवलं. मग १८७८ मध्ये बेल्जियममधल्या एका कोळशाच्या खाणीत, खूप खोल, या प्राण्याचे एक-दोन नाही, कितीतरी सांगाडे सापडले, बरेचसे अखंड. तेव्हा कळलं, ते शिंग नव्हतंच. तो त्याच्या अंगठ्याचा काटा होता, आणि एक नाही, दोन, दोन हातांना.

लंडनच्या क्रिस्टल पॅलेस बागेत १८५४ साली उभारलेले त्याचे पुतळे आहेत. नंतर खरं काय ते कळलं तरी ते कुणी पाडले नाहीत. तुझ्या एखाद्या पुस्तकात त्यांचा फोटो असेल, तर नाकाकडे बघ. शिंग अजून तिथेच आहे.